पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन? दोन गोळ्यांचं काम, निचरा आणि जपायच्या जागा

घरातल्या औषधांच्या डब्यात या दोन गोळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात. एका पट्टीवर डोलो, क्रोसिन किंवा कॅल्पॉल असं नाव असतं, म्हणजे आत पॅरासिटामॉल. दुसरीवर ब्रुफेन, म्हणजे आयबुप्रोफेन. तिसरी बहुधा कॉम्बिफ्लाम असते आणि तिच्यात दोन्ही आहेत: आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. कणकण आली, डोकं धरलं, दाढ ठणकायला लागली की हाताला लागेल ती गोळी घेतली जाते. दोन्हींनी ताप उतरतो, दोन्हींनी दुखणं कमी होतं, म्हणून त्या सारख्याच वाटतात.

त्या सारख्या नाहीत. पॅरासिटामॉलचा धोका मुख्यतः मात्रेत आहे. मर्यादेत घेतली तर ती बहुतेकांना चालते, मर्यादा ओलांडली की यकृतावर घाला पडतो. आयबुप्रोफेनचा धोका मात्रेइतकाच परिस्थितीत आहे. तीच ४०० ची गोळी एकाला दाढदुखीत छान लागू पडते आणि जुलाबाने गळून गेलेल्या दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला इजा करते. असं का होतं ते एकदा समजलं की कोणती गोळी कधी घ्यायची हे पाठ करावं लागत नाही.

काम

मार लागला किंवा जंतुसंसर्ग झाला की पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. ती मज्जातंतूंची टोकं हळवी करतात, त्या जागी सूज आणतात आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकवतात. प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला थोडक्यात कॉक्स म्हणतात. त्याचे दोन प्रकार, कॉक्स-१ आणि कॉक्स-२.

आयबुप्रोफेन हे दोन्ही प्रकार शरीरभर अडवतं. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी ते संधिवातावरचं औषध शोधताना तयार केलं आणि १९६९ मध्ये ते तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं. सूज उतरवणं हे त्याचं मूळ काम. पण कॉक्स काही फक्त दुखऱ्या जागी नसतं. जठराच्या आतल्या अस्तरावरचा संरक्षक थर टिकवणं, मूत्रपिंडाला रक्त पोचवणारी बारीक धमनी उघडी ठेवणं, जखम झाल्यावर प्लेटलेट एकमेकींना चिकटवणं ही कामंही त्याच साखळीतून होतात. गोळीला जागा निवडता येत नाही. दुखणं थांबवता थांबवता ती पोटाचं, मूत्रपिंडाचं आणि रक्ताचं संरक्षणही थोडं काढून घेते.

पॅरासिटामॉल त्याहून बरंच जुनं. १८९३ पासून ते रुग्णांना दिलं जातंय, तरी ते नेमकं कसं काम करतं याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. ते मुख्यतः मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतं. यकृतात त्याचा काही भाग बदलतो, मेंदूत जाऊन एएम-४०४ हे रसायन बनतो आणि वेदनेच्या मार्गावर परिणाम करतो, हा आज मान्य असलेल्या मार्गांपैकी एक. सुजलेल्या जागी पेरॉक्साइडं भरपूर असतात आणि त्यांच्यापुढे पॅरासिटामॉलचं कॉक्सवर फारसं चालत नाही. म्हणून ते सूज उतरवत नाही. आणि म्हणूनच ते जठराला आणि प्लेटलेटना जवळजवळ त्रास देत नाही.

आता निवड आपोआप होते. साधा ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांना पॅरासिटामॉल पुरतं. मुरगळलेला घोटा, दाढ काढल्यानंतरचा ठणका, सुजलेला सांधा इथे आयबुप्रोफेन सरस. पाळीतल्या पोटदुखीत तर फरक ठळक आहे, कारण तिथे कळा गर्भाशयातल्या प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात. अशा वेळी कळा असह्य होईपर्यंत थांबू नये. दुखायला लागताच पहिली गोळी घ्यावी, कारण आधीच तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन गोळी पुसून टाकत नाही, फक्त नवं बनू देत नाही. कंबरदुखीत मात्र पॅरासिटामॉलकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बरी व्हायला पॅरासिटामॉलने आणि औषध नसलेल्या गोळीने जवळपास सारखाच वेळ लागला होता.

निचरा

दोन्ही गोळ्या शरीरातून लवकर जातात. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ पॅरासिटामॉलचा साधारण २ ते ३ तास, आयबुप्रोफेनचा सुमारे २ तास. असे पाच टप्पे झाले की शंभरातला तीनच भाग उरतो. म्हणजे रात्री नऊला घेतलेली गोळी सकाळी नऊला जवळजवळ संपलेली असते. वेळ सारखा आहे, वाट वेगळी आहे, आणि धोका त्या वाटेवर बसलेला आहे.

पॅरासिटामॉलचा जवळजवळ सगळा निचरा यकृत करतं. अर्ध्याहून थोडा जास्त भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी आणि साधारण तिसरा हिस्सा सल्फेटशी जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. या दोन्ही वाटा निर्धोक. उरलेल्या पाच-दहा टक्क्यांचं मात्र सीवायपी-२ई१ या एन्झाइममुळे एनएपीक्यूआय नावाचं विषारी रसायन बनतं. यकृतातलं ग्लुटाथायोन ते लगेच निकामी करतं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत काही बिघडत नाही. मात्रा जास्त झाली की सल्फेटची वाट आधी भरते, जास्त माल विषारी वाटेकडे वळतो आणि ग्लुटाथायोन संपत जातं. ते संपल्यावर एनएपीक्यूआय यकृताच्या पेशींनाच चिकटतं आणि त्या मरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. रोज दारू घेणाऱ्यांत ही विषारी वाट रुंद झालेली असते. आणि ज्यांनी दोन-तीन दिवस धड खाल्लेलं नाही, मग ते तापामुळे असो, कुपोषणामुळे असो की कडक उपवासामुळे, त्यांच्याकडे ग्लुटाथायोनचा साठा तुटपुंजा असतो. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम आहे. रोज दारू पिणारे, यकृताचा आजार असलेले, फार अशक्त किंवा ५० किलोपेक्षा कमी वजनाचे यांनी २ ग्रॅमच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. ६५० च्या गोळीचा हिशेब सोपा आहे: सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम, तिथे दिवस संपला. दोन गोळ्यांत किमान ४ तास, शक्यतो ६ तास ठेवावेत. ताप उतरत नाही म्हणून दोन तासांनी पुन्हा गोळी घेणं ही नेहमी घडणारी चूक. पहिल्या गोळीचा पूर्ण परिणाम यायलाच तास-दीड तास लागतो, जेवणानंतर घेतली तर आणखी थोडा.

दुसरी चूक नकळत होते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. ॲसिक्लोफेनॅक या पेनकिलरच्या नावापुढे ‘पी’ लागलेल्या गोळीत असतं. ट्रामाडॉल या तीव्र पेनकिलरसोबतच्या गोळीतही असतं. तापाला डोलो, सर्दीला दुसरी, अंगदुखीला तिसरी असं घेणारा माणूस चार ग्रॅमच्या रेषेवर नकळत पोचू शकतो. पट्टीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचावीत, ती वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला थेट विचारावं: यात पॅरासिटामॉल किती आहे?

आयबुप्रोफेन रक्तात जवळजवळ ९९ टक्के प्रथिनांना चिकटून फिरतं. यकृतात मुख्यतः सीवायपी-२सी९ हे एन्झाइम त्याचं रूप बदलतं आणि तयार झालेले निष्क्रिय पदार्थ मूत्रपिंडावाटे जातात. त्याचा साठा होण्याची भीती नसते, २४ तासांत ते पूर्ण गेलेलं असतं. त्याची इजा निचऱ्यातून होत नाही, ते शरीरात असतानाच होते. प्रौढाने स्वतःहून घ्यायची मात्रा २०० ते ४०० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांच्या अंतराने, २४ तासांत १२०० पर्यंत. त्यापुढची मात्रा डॉक्टरच ठरवतात.

अनाशापोटी आयबुप्रोफेन घेऊ नये हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जेवणानंतर घेतलं म्हणजे पोट सुरक्षित झालं, हे खरं नाही. जेवणाने जळजळ आणि मळमळ कमी होते. अल्सर मात्र गोळी जठराला लागल्याने होतो त्यापेक्षा रक्तातून जाऊन संरक्षक थर कमी केल्याने जास्त होतो. म्हणून याच गटातल्या औषधाचं इंजेक्शन घेतलं तरी पोटातून रक्त जाऊ शकतं. सोबत पँटोप्राझोल घेतल्याने जठर बऱ्यापैकी जपलं जातं, मूत्रपिंड आणि हृदय मुळीच नाही. ‘पित्ताची गोळी घेतली की पेनकिलर कितीही चालतं’ हा समज लोकांना डायलिसिसपर्यंत नेऊ शकतो. काळी, डांबरासारखी शौच झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठावा.

पाणी कमी झालं की

मूत्रपिंडाचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे निरोगी माणूसही फसतो. अंगात पाणी पुरेसं असेल तर मूत्रपिंडाला रक्त पोचायला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज नसते. जुलाब, उलट्या, खूप ताप किंवा उन्हातलं कष्टाचं काम यांनी पाणी कमी झालं की मात्र मूत्रपिंडाची आत येणारी धमनी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर उघडी राहते. त्या वेळी आयबुप्रोफेन घेतलं की हा आधार निघतो आणि मूत्रपिंडाचं काम तासा-दिवसांत ढासळू शकतं. वारीत दिवसभर चालून पाय भरून आले, उन्हात ऊसतोड करून कंबर धरली, तेव्हा हात नेमका याच गोळीकडे जातो. आधी पाणी आणि मीठ-साखर घ्या, लघवी नेहमीसारखी फिकट आणि भरपूर होऊ द्या. तोवर गरज लागली तर पॅरासिटामॉल घ्या.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हा धोका न जुलाब होता, न उन्हात जाताही असतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं मूत्रपिंडाची बाहेर जाणारी धमनी सैल करतात, लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते आणि आयबुप्रोफेन आत येणारी धमनी आवळतं. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडातला दाब कोसळतो. आपल्याकडे टेल्मिसार्टनसोबत लघवीचं औषध एकाच गोळीत मिळतं, नावापुढे ‘एच’ असतं. त्यामुळे घरातल्या आजोबांना वाटतं आपण एकच गोळी घेतो, प्रत्यक्षात त्या तीनपैकी दोन आधीच पोटात गेलेल्या असतात. शिवाय आयबुप्रोफेनने अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो आणि हृदय कमजोर असेल तर दम लागतो, पायांवर सूज येते.

पावसाळ्यातला ताप

जून ते ऑक्टोबर या काळात तापाला पहिली गोळी पॅरासिटामॉलच असावी, दुसरी कोणतीही नको. यावर घरात तडजोड करू नये. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं. आयबुप्रोफेन उरलेल्या प्लेटलेटचं काम बिघडवतं, जठरातून रक्त येण्याची शक्यता वाढवतं आणि पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडाला इजा करतं. ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक या आयबुप्रोफेनच्याच गटातल्या पेनकिलरनाही हेच लागू, आणि ‘ताप झटकन उतरवणारं’ डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही त्यातच आलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही डेंग्यूत फक्त पॅरासिटामॉलचा आहे. मुंबई आणि कोकणात गुडघाभर पाण्यातून चालल्यावर येणाऱ्या तापात लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचीही शंका धरावी लागते, आणि तो आजार थेट मूत्रपिंडावरच जातो.

ताप उतरला म्हणजे डेंग्यू सरला असं नसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो तोच कठीण काळ असतो. पोटात जोराची दुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर गोळी बदलत बसू नये, रुग्णालयात न्यावं.

लहान मुलांची मात्रा

मुलाचं वय विचारून नाही, वजन करून मात्रा ठरवायची. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांच्या अंतराने, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. आयबुप्रोफेन किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांच्या अंतराने, सहा महिन्यांच्या वरच्या मुलालाच, तेही ते नीट पाणी पीत असेल आणि डेंग्यूची शंका नसेल तरच.

गोंधळ होतो तो बाटलीमुळे. पॅरासिटामॉलचं सिरप १२० मिलिग्रॅम किंवा २५० मिलिग्रॅम दर ५ मिलीला अशा दोन ताकदींत मिळतं. तान्ह्या बाळांचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅम, काही कंपन्यांचे त्याहून तीव्र. १२ किलोचं मूल घेऊ. किलोमागे १५ प्रमाणे १८० मिलिग्रॅम हवं. १२० च्या सिरपमधून ते ७.५ मिली होतं, २५० च्या सिरपमधून साधारण ३.५ मिली आणि १०० च्या थेंबांतून १.८ मिली. मागच्या वेळी साडेसात मिली दिलं होतं म्हणून नव्या २५० च्या बाटलीतूनही तेवढंच दिलं तर ३७५ मिलिग्रॅम जातं, दुपटीहून जास्त. थेंबांच्या बाटलीतून तेवढं दिलं तर ७५० मिलिग्रॅम, म्हणजे मुलाच्या पूर्ण दिवसाची मात्रा एका घोटात. याच मुलाला १०० मिलिग्रॅम दर ५ मिली ताकदीचं आयबुप्रोफेन द्यायचं ठरलं तर कमाल ६ मिली.

चहाचा चमचा वापरू नये, दोन घरांतले चमचे सारखे नसतात. मेडिकलमधून ५ किंवा १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्यावी. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावं. बाटलीवर ताकद ठळक अक्षरांत लिहून ठेवावी आणि दिलेली वेळ कागदावर टिपावी, कारण आईने आठला दिलेलं आजीला नऊला माहीत नसतं. दोन्ही औषधं आलटून पालटून द्यायची पद्धत घरात राबवू नये. ती करायचीच असेल तर डॉक्टरांनी वेळा लिहून दिल्यावरच. मुलांसाठी दोन्ही एकत्र असलेली सिरपंही विकली जातात, त्यावर आणखी पॅरासिटामॉल देणं म्हणजे तीच मात्रा दोनदा. आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइड या ताप-वेदनेच्या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे, घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्यावी.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, थेट बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं.

इतर औषधं, गरोदरपण, दमा

हृदयासाठी ७५ ची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन टाळलेलं बरं. ॲस्पिरिन प्लेटलेटला तिच्या आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस निष्क्रिय करते. आयबुप्रोफेन तीच जागा तात्पुरती अडवतं आणि ॲस्पिरिनला शिरू देत नाही, मग काही तासांनी स्वतःही निघून जातं. साध्या ॲस्पिरिनसाठी नियम असा की आयबुप्रोफेन तिच्यानंतर किमान अर्ध्या तासाने किंवा तिच्या आठ तास आधी घ्यावं. पण आपल्याकडची इकोस्प्रिन आवरण असलेली, आतड्यात विरघळणारी आहे, तिच्यासाठी हा अर्ध्या तासाचा नियम भरवशाचा नाही. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं), लिथियम (मानसिक आजारावरचं), मेथोट्रेक्झेट (संधिवातावरचं) ही औषधं चालू असतील तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. वॉरफरिनवाल्यांनी काही दिवस सलग पॅरासिटामॉल घेतलं तरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, करून घ्यावी.

गरोदरपणात वेदनेला आणि तापाला पॅरासिटामॉल, गरजेपुरतंच. विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन टाळायचं, कारण त्याने बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. तिसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी अशी वाहिनी आधीच मिटू लागण्याची भीती असते. दमा असलेल्यांपैकी काहींना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने धाप लागते, नाकात पॉलिप, म्हणजे मऊ गाठी, असतील तर शक्यता जास्त. एकदा असं झालं असेल तर या गटातली कोणतीच गोळी घेऊ नये आणि हे प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलाही, सांगावं.

चुकून जास्त गेली तर

पॅरासिटामॉलची फसवणूक अशी की पहिला दिवस माणूस ठीक दिसतो. थोडी मळमळ, थोडा घाम, बस. यकृताचं नुकसान तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, तेव्हा उपचार अवघड झालेले असतात. यावर उतारा आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन. ते संपलेलं ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढतं आणि पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. आठ तासांनंतरही ते देतात, म्हणून उशीर झाला असं समजून घरी बसू नये. रक्तातलं प्रमाण गोळी घेतल्यानंतर चार तासांनी किंवा त्यापुढे मोजलं की उपचाराची गरज ठरते, म्हणून किती वाजता घेतली ही माहिती मोलाची.

आयबुप्रोफेन जास्त झाल्यास त्याला असा उतारा नाही. प्रथिनांना इतकं घट्ट चिकटल्यामुळे डायलिसिसनेही ते काढता येत नाही. रुग्णालयात देखरेख, सलाइन आणि पोट-मूत्रपिंडाची काळजी एवढंच हाती असतं.

दोन्ही वेळी घरी मीठपाणी पाजून उलटी काढायला लावू नये. १०८ ला फोन करावा, रिकाम्या पट्ट्या आणि बाटल्या सोबत घ्याव्यात, माणसाचं वजन आणि गोळी घेतल्याची वेळ सांगावी. गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असतील तर रागावू नका, त्याला एकटं सोडू नका आणि रुग्णालयात हे स्पष्ट सांगा. घरी परतल्यावर बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.